तुरट, आंबट, गार

मे महिन्यात नागपुरात दुपारी चार वाजता चहा टाकायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंच्या मते ऊन असो की पाऊस, चारला चहा हवाच, आणि तोही बशीत ओतून फुंकर मारावी लागेल इतका गरम. भाची सुट्टीत राहायला आली की तिला त्या वेळी गॅसच्या आसपास फिरकावंसंही वाटत नाही. "मावशी, इतक्या उन्हात गॅसजवळ उभी राहून काय करून राहिली तू? चल ना, बाहेर थंड काहीतरी पिऊ," असं म्हणत तिनेच मला एका संध्याकाळी धरमपेठेतल्या कॉफी शॉपमध्ये नेलं. मी कॉफी पीत नाही, म्हणून तिने फळांच्या दोन आइस टी मागवल्या. एक पीचची, काळ्या चहावर केलेली. दुसरी गडद लाल, जिच्यापुढे मेनूवर 'हिबिस्कस' लिहिलेलं होतं.

लाल ग्लास नुसता पाहूनच जीव निवला. चवही छान होती, आंबट, गोड, सुगंधी. पण अर्धा ग्लास झाल्यावर ती सरबतासारखी वाटू लागली. पीचच्या चहाचा रंग साधाच होता. मात्र त्याच्या प्रत्येक घोटानंतर जिभेच्या कडा किंचित आवळल्या जायच्या, तोंड स्वच्छ व्हायचं आणि पुढचा घोट पुन्हा पहिल्याइतकाच ताजा लागायचा. ग्लास संपेपर्यंत पीचचा कंटाळा आला नाही. हा गुण पीचचा नव्हता, चहाचा होता. लाल चहाचा टवटवीत आंबटपणा आणि काळ्या चहाचा तुरटपणा, दोन्ही मला एकाच ग्लासात हवे होते. तसा चहा त्यांच्या मेनूवर नव्हता, म्हणून तो घरी करायला लागले.

तुरट चवीबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. षड्रसांत ती शेवटी येते, कषाय या नावाने, आणि रोजच्या स्वयंपाकात तिची विचारपूस कुणी करत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला कळतं, वरणात आंबट कमी असलं तर लिंबू पिळलं जातं, पण 'जरा तुरट कमी आहे' असं पानावर बसून म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. आवडते मात्र ती सगळ्यांना. मीठ लावलेला आवळा खाऊन वर पाणी प्यायचं आणि ते गोड लागलं की पुन्हा प्यायचं, हे लहानपणी कुणी केलं नसेल? जांभळं, कवठ, सुपारी, सगळीकडे ती आहे. विड्यात कात नसेल तर गुलकंद आणि बडीशेप नुसती गोडगोड लागतात. कात पडला की त्याच गोडाला आकार येतो.

खरं तर तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव आहे. आपलं तोंड आतून गुळगुळीत राहतं ते लाळेतल्या प्रथिनांमुळे. चहातली पॉलिफेनॉल्स, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, ती या प्रथिनांना जाऊन चिकटतात. मग तो गुळगुळीतपणा कमी होतो आणि तोंड कोरडं, आवळल्यासारखं वाटतं. फळांच्या रसाने आणि साखरेने तोंडात जो चिकट गोडवा मागे राहतो, त्याच्यावर हा कोरडेपणा नेमका उतारा ठरतो. एरवी दुसऱ्या ग्लासाला नको वाटणारा संत्र्याचा रस चहात मिसळला की हवाहवासा वाटतो, त्याचं कारण मला यातच दिसतं. पाण्यात ढवळून करायच्या आइस टीच्या पावडरी मी घेत नाही. पाकिटामागची यादी वाचली की बहुधा पहिलं नाव साखरेचं असतं, आणि चहाचा अंश इतका थोडा की जीभ आवळली जाण्याची शक्यताच नाही.

आता त्या लाल रंगाकडे. हिबिस्कस म्हटलं की आपल्याला गणपतीला वाहायचं जास्वंद आठवतं. कूळ तेच, पण पेयातलं झाड वेगळं आहे. शास्त्रीय नाव हिबिस्कस सबडरिफा. आपल्याकडची लाल अंबाडी. हे वाचलं त्या दिवशी मी माहेरी फोन करून आईला सांगितलं, "आई, त्या दुकानात काचेच्या ग्लासात आपल्या धुऱ्यावरची अंबाडी देतात." ती म्हणाली, "मग? चांगलीच लागत असेल." तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात. कपाशी आणि तुरीच्या वावराला धुरा, म्हणजे बांध, असायचा, आणि धुऱ्यावर अंबाडी. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाचं कडकडीत तेल आणि सोबत भाकर. देठांची साल कुजवून वाख काढायचा, त्याचे दोर वळायचे. आणि दिवाळीनंतर थंडी पडू लागली की बोंडं लाल व्हायची. त्यांना सगळे फुलं म्हणतात, पण खरं फूल फिकट पिवळं असतं आणि दिवसभरात मिटून जातं. मागे बोंडाला धरून जी जाड, मांसल, लाल आवरणं वाढतात ती फुलाखालची निदलं. आई सुपात बोंडं घेऊन ओट्यावर बसायची. बोंडाचा तळ कापून आतला हिरवा बियांचा गोळा अंगठ्याने बाहेर ढकलायचा आणि लाल पाकळ्या वेगळ्या करायच्या. बोटं संध्याकाळपर्यंत गुलाबी राहायची. ताज्या पाकळ्यांची चटणी व्हायची, गूळ घालून सरबत व्हायचं, आणि उरलेल्या पाकळ्या उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरल्या जायच्या.

हेच झाड इजिप्त आणि सुदानात कर्कदे म्हणून पितात, सेनेगलमध्ये बिसाप म्हणून. मेक्सिकोत जेवणासोबत मोठ्या काचेच्या पिंपातून आग्वा दे हमाइका ओततात. जमैकात नाताळच्या दिवसांत आलं घालून ते सॉरेल या नावाने घरोघरी होतं. मूळ झाड आफ्रिकेतलं मानलं जातं, म्हणजे जगाच्या इतक्या कोपऱ्यांत ते कुणाच्या ना कुणाच्या शिदोरीतूनच पोचलं असणार. आमच्या धुऱ्यावर ते कधी आलं कुणास ठाऊक, पण एवढा मोठा गणगोत असलेलं झाड बरेच जण आजही गुरांपुढे टाकतात किंवा वावरातच वाळू देतात, याची मला हळहळ वाटते. विदर्भात बचत गटांच्या प्रदर्शनांत हल्ली अंबाडीचं सरबत, जॅम आणि वाळलेल्या पाकळ्या दिसू लागल्या आहेत. नागपुरात असं प्रदर्शन भरलं की मी वर्षाच्या पाकळ्या तिथूनच घेते. पाकिटबंद परदेशी हिबिस्कस टीपेक्षा त्या खूप स्वस्त पडतात आणि पैसा वेचणाऱ्या बायांच्या हातात जातो.

पाकळ्या घेताना रंग पाहावा. काळपट, ठिसूळ झालेल्या जुन्या पाकळ्यांचं पाणी तपकिरी उतरतं. चांगल्या पाकळ्या वाळल्यावरही गडद किरमिजी दिसतात आणि चिमटीत धरल्या तर किंचित चिवट लागतात. त्यांचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो, आणि आंबटपणात तो लालभडक राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात हा काढा करू नये, कारण आंबट पदार्थ त्या धातूशी खेळतो. स्टील किंवा काच बरी. दोन मोठे चमचे पाकळ्या एकदा पाण्याखालून काढायच्या, त्यांवर एक कप उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जायचं. हा झाला आंबट भाग. अंबाडी तुरट फारशी नसते, म्हणून नुसत्या अंबाडीचा थंड 'चहा' सरबताकडे झुकतो. त्यात चहाची पत्ती नसतेच.

पत्तीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्या घरात असतो तो सीटीसी चहा, दाणेदार. पानं यंत्रात चिरडून, फाडून, गोळ्या करून तो बनतो. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात सुरू झाली. दूध-साखर घालून उकळायला त्याच्यासारखा दुसरा चहा नाही. दुधातली प्रथिनं त्याच्या टॅनिनला बांधून ठेवतात, म्हणून इतका कडक चहाही आपल्याला मऊ लागतो. पण हाच चहा दुधाशिवाय केला आणि गार होऊ दिला की दोन गोष्टी होतात. एक तर तो घसा धरतो. दुसरं म्हणजे तो गढूळ होतो. चहातलं कॅफिन आणि थिआफ्लेविन्ससारखे रंगद्रव्याचे रेणू गरम असताना विरघळलेले असतात, थंडीत ते एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात दुधाळ ढग दिसू लागतो. यात खराब काही नसतं, थोडं उकळतं पाणी घातलं तर ढग विरतोही, पण काचेच्या ग्लासातल्या पेयाची अर्धी गंमत तो घालवतो.

त्यासाठी निलगिरीचा पानाचा चहा घ्यावा. दक्षिणेतल्या त्या डोंगरांतला चहा थंड केला तरी बराच नितळ राहतो, म्हणून आइस टी करणारे त्याला मान देतात. त्याचा वास फुलांकडे झुकणारा आणि तुरटपणा सौम्य पण स्पष्ट असतो. इतवारीतल्या चहाच्या दुकानात 'लांब पानाचा, ऑर्थोडॉक्स' म्हटलं की काढून देतात. दार्जिलिंग मी यात घालत नाही. त्याचा नाजूक सुगंध अंबाडीपुढे टिकत नाही आणि चांगलं पान वाया गेल्यासारखं वाटतं.

थंड चहाच्या गोष्टीत भारतीय चहाचा एक मोठा प्रसंग आहे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ तिथे भारतातल्या चहाचा प्रचार करत होते. उन्हाळा कडक होता, गरम चहाकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी चहा बर्फावरून गार करून द्यायला सुरुवात केली आणि गर्दी लोटली, अशी ती गोष्ट सांगतात. आइस टीचा शोध तिथेच लागला असंही पुष्कळदा लिहिलेलं सापडतं, ते मात्र बरोबर नाही. त्याच्या पंचवीसएक वर्षं आधी व्हर्जिनियात छापलेल्या पाककृतीत बर्फाचा चहा आहे, हिरव्या चहाचा. प्रदर्शनाने घडवलं ते इतकंच की आपल्याकडच्या काळ्या चहाला बर्फाची सोबत मिळाली आणि ती जोडी पुष्कळ लोकांनी चाखली. मळेवाल्यांसाठी तो बाजार होता. मला त्यातलं भावतं ते हे की उन्हाने हैराण झालेल्या माणसांचं ऐकून कुणीतरी आपला चहा बदलला.

बर्फाचा हिशोब बहुतेक कृतींत सांगत नाहीत, आणि घरची आइस टी पाणचट होते ती तिथेच. शाळेत अप्रकट उष्मा शिकलो होतो, तो इथे कामाला येतो. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. १ ग्रॅम पाणी १ अंशाने थंड व्हायचं तर त्यातून १ कॅलरी निघून जावी लागते. म्हणजे ९० अंशांचा चहा ५ अंशांवर आणायला त्याच्या वजनाइतकाच बर्फ वितळतो. गाळल्यागाळल्या बर्फावर ओतला तर चहा निम्मा पातळ होणार, हे धरूनच तो दुप्पट कडक करावा लागतो. कोमट होईपर्यंत, साधारण ५० अंशांपर्यंत थांबलं, तर बर्फ त्याच्या निम्म्यानेच वितळतो. मी कोमट होऊ देते. चहा नितळ राहायलाही त्याने मदत होते, आणि आमच्या फ्रीजरमध्ये एका वेळी किलोभर बर्फ निघत नाही.

माझं प्रमाण एक लिटरचं आहे, पाच ग्लासांचं. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करायचा, अर्ध्या मिनिटाने त्यात १० ग्रॅम पानाचा चहा घालायचा, झाकायचं, ४ मिनिटांनी गाळायचं. पातेल्यात पत्ती घालून खळाखळा उकळायची सवय इथे बाजूला ठेवायची. उकळल्याने तुरट वाढत जाऊन कडू होतो. गाळताना पत्ती पिळायची नाही. चहाला साखर गरम असतानाच लावून घ्यायची, कारण गार चहात ती तळाशी बसते. मग तो कोमट झाला की अंबाडीचा काढा, फळाचा रस आणि ग्लास भरभरून बर्फ.

हल्ली पुष्कळ जण थंड पाण्यातच पत्ती रात्रभर फ्रिजमध्ये भिजवतात. तो चहा सुंदर नितळ आणि मवाळ होतो, कारण थंड पाण्यात टॅनिन आणि कॅफिन दोन्ही कमी उतरतात. पण मला जे हवं आहे तेच त्यात कमी असतं. स्ट्रॉबेरी किंवा लिचीसारख्या हलक्या फळांसाठी ही पद्धत चांगली. संत्र्यासाठी आणि अंबाडीसाठी गरम पाण्याचाच चहा लागतो. बरणी उन्हात ठेवून त्यात चहा उतरवायची अमेरिकी पद्धत मात्र कुणी करू नये. ते पाणी तासन्‌तास कोमट राहतं, आणि जंतूंना नेमकं तेवढंच हवं असतं. आमच्या उन्हात तर मुळीच नको.

आणि आता संत्र्याबद्दल, ज्याच्यासाठी मी वर्षभर थांबते.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या झाडांची फळं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, आणि मे उजाडेपर्यंत चांगलं संत्रं संपलेलं असतं. ज्या महिन्यात थंड चहाची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात हे फळ नाही. त्यामुळे तयारी मार्चमध्येच करून ठेवावी लागते. रस काढून ठेवणं सोपं वाटतं, पण आमच्याकडे घरोघरी माहीत आहे की संत्र्याचा रस थोडा वेळ ठेवला की कडवट होतो. फळात असताना जो पदार्थ कडू नसतो, तो पेशी फुटून रसातल्या आम्लाशी गाठ पडली की हळूहळू लिमोनिन बनतो, आणि लिमोनिन फार थोडं असलं तरी जिभेला कळतं. बियांमध्ये आणि फोडीवरच्या पापुद्र्यात त्याचं मूळ जास्त असतं. म्हणून मिक्सरमध्ये अख्ख्या फोडी फिरवायच्या नाहीत. फोडी सोलून, बिया काढून, गर मलमलच्या फडक्यातून हलक्या हाताने दाबायचा आणि रस लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा. काम वेळखाऊ आहे. मी ते शनिवारी दुपारी करते आणि भाची असली तर ती फोडी सोलते, निम्म्या खाते. गोठलेले तुकडे पिशवीत भरून ठेवले की मेमध्ये तेच बर्फाचं आणि रसाचं काम एकदम करतात.

पण संत्र्याचा खरा वास रसात नाही, सालीत आहे. साल वाकवली की डोळ्यांत उडतं ते तेल. फळ सोलण्याआधी किसणीच्या बारीक बाजूने वरचा केशरी थर तेवढा काढायचा. पांढऱ्या भागाला हात लावायचा नाही, तो कडू. चार संत्र्यांच्या किसाला १०० ग्रॅम साखर घालून बोटांनी चोळायचं. साखरेचे कण सालीतलं तेल ओढून घेतात, आणि दोन-तीन तासांत साखर ओली, केशरी, घमघमणारी होते. हीही डब्यात घालून फ्रीजरमध्ये. गरम चहात तिचे दोन चमचे विरघळवले की जो वास येतो, त्यासाठी कुठल्याही बाटलीतल्या सिरपची गरज उरत नाही. कॉफी शॉपमध्ये फळाची चव बहुतेक वेळा सिरप आणि प्युरीतून येते. ते त्यांच्या सोयीचं आहे, गर्दीत तीस सेकंदांत ग्लास भरायचा असतो. घरी आपल्याला मार्चपासून मेपर्यंत सवड असते.

त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी: हलवणं. चहा, रस आणि बर्फ घट्ट झाकणाच्या बरणीत घालून दहा-पंधरा वेळा जोरात हलवला की तो क्षणात गार होतो, त्यात हवा मिसळते, वर फेस येतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. चमच्याने ढवळून हे होत नाही. स्टीलचा फिरकीच्या झाकणाचा डबा चालतो. लोणच्याची बरणी कितीही घासलेली असली तरी घेऊ नये.

गवती चहाची दोन पाती गॅस बंद केल्यावर काढ्यात घालते. पुदिना ग्लासात, चुरडून नाही, नुसता तळहातावर टिचकावून. वाळ्याचं पाणी एरवी माझ्या जिवाचं, पण या चहात ते नको. वाळा असला की संत्र्याला बोलूच देत नाही. आंबाही नको. हापूसचा गर दाट आणि गोड, त्यात चहा घातला तर दोघांचंही नुकसान. कैरी मात्र सुरेख लागते, विशेषतः उकडून नाही तर भाजून घेतलेली, थोडं काळं मीठ घालून. कलिंगडात आंबट जवळजवळ नसतं, त्याला लिंबाची जोड द्यावीच लागते. लिंबू पिळलं की चहाचा रंग एकदम उजळतो, कारण त्यातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात. ते पाहायला मुलांना फार आवडतं.

सासूबाईंना पहिल्यांदा ग्लास दिला तेव्हा त्यांनी तो हातात धरून विचारलं, "कुणाला बरं नाही?" आमच्याकडे बिनदुधाचा चहा म्हणजे कोरा चहा, आणि तो लिंबू पिळून द्यायचा तो पोट बिघडल्यावर किंवा ताप आल्यावर. धडधाकट माणसाला कोरा चहा, तोही बर्फाचा, ही गोष्ट त्यांना पटणं कठीण होतं. पण अंबाडीचा वास त्यांनी ओळखला. "यात अंबाडी आहे," म्हणाल्या, आणि मग त्यांच्या आईकडे जवसाच्या चटणीसोबत अंबाडीची फुलं कशी वाटायचे, ते सांगू लागल्या. सांगता सांगता ग्लास संपला. "हा चहा नाही," असं त्यांचं मत कायम आहे, "पण सरबतापेक्षा बरा आहे." त्यांचा गरम चहा त्या आजही चारलाच पितात. थंड चहा त्यांना हवा असतो साडेपाचला, ऊन उतरताना, आणि त्यात साखर जरा जास्त लागते, ती मी घालते.

जेवताना किंवा जेवणाला लागून मी हा चहा कुणाला देत नाही. टॅनिन भाजीपाल्यातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडे बायांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण पाहता हे ध्यानात ठेवलेलं बरं. जेवणानंतर तासाभराचं अंतर ठेवावं. जग फ्रिजमध्ये झाकून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी संपवावा. फळाचा रस घातलेला असेल तर त्याच दिवशी.

मृगाच्या सरी आल्या की जांभळं येतात, आणि तेव्हा सगळं प्रमाण बदलतं. जांभूळ मुळातच इतकं तुरट की त्याला चहाच्या पत्तीचा आधार फारसा लागत नाही. १० ग्रॅमऐवजी ४ ग्रॅम पत्ती पुरते, अंबाडी पूर्ण वगळायची आणि आंबटासाठी अर्धं लिंबू घ्यायचं. जांभळं हातानेच कुस्करायची, बी फुटता कामा नये, आणि गर चाळणीतून गाळून घ्यायचा. वर चिमूटभर सैंधव. बर्फ नेहमीपेक्षा कमी, कारण तोवर हवाही थोडी निवलेली असते.